पातळ सोलचे, झीरो ड्रॉप बूट : सह्याद्रीत आणि हिमालयात कुठे चालतात, कुठे नडतात?

अनवट_वाट
मंडळी, डिसेंबरात चार दिवसांचा रेंज ट्रेक ठरतोय. रतनवाडी – रतनगड – कात्राबाई खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड, आणि टोलार खिंडीतून खाली खिरेश्वर. तंबू, शिधा, पाणी धरून पाठीवर नऊ-दहा किलो. पुढे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलमधला हामटा पास. दोन्हीकडे एकच जोड वापरावा असं मनात आहे आणि तो मिनिमलिस्ट असावा: टाच-चवडा एका पातळीत, सोल एकूण 9-10 मिमी, बोटांना ऐसपैस जागा, वजन एका पायाला अडीचशे ग्रॅमच्या आत. शहरातलं रोजचं चालणं अशाच बुटांत होतं, त्यामुळे पाटी अगदी कोरी नाही.

दुकानात गेलं की एकच पालुपद, "ट्रेकिंगला घोट्याच्या वर येणारेच लागतात." नेटवर वाचावं तर जाड बूट म्हणजे पायांचा तुरुंग. दोन्ही टोकं सोडून कुणी जमिनीवरचं सांगेल का? आज सप्टेंबरचा पहिला आठवडा आहे, म्हणजे तयारीला बारा-तेरा आठवडे हातात आहेत.

निवांत_नारबा
पहिला प्रतिसाद आपला. आठवडी बाजारात टायरच्या चपला मिळतात. झीरो ड्रॉप, बोटं मोकळी, वजनाला हलक्या. मिनिमलिस्ट म्हणत नाहीत म्हणून स्वस्त आहेत. (हलके घ्या.)

कारवीचा_दांडा
नारबाकाकांचा विनोद बाजूला ठेवू, चपलांकडे नंतर येतोच.

'मिनिमलिस्ट' या एका शिक्क्याखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि सगळा घोळ तिथे होतो. पहिली, बोटांकडची रुंदी. दुसरी, ड्रॉप, म्हणजे टाच चवड्यापेक्षा किती उंच. नेहमीच्या पळायच्या बुटात हा 8 ते 12 मिमी असतो, इथे शून्य. तिसरी, पायाखालची एकूण जाडी. चौथी, सोल किती वाकतो आणि पिळला जातो. या चारही गोष्टी एकत्रच घ्याव्यात असं कुठे लिहिलेलं नाही. आल्ट्राचा लोन पीक घ्या: ड्रॉप शून्य, पुढे भरपूर रुंद, पण पायाखाली 25 मिमी. मेरेलचा ट्रेल ग्लोव्ह, झीरो (Xero, कंपनीचं नाव) किंवा व्हिवोबेअरफूटचे ट्रेलसाठीचे जोड यांत ड्रॉप शून्यच, जाडी मात्र त्याच्या साधारण निम्मी. दोघांनाही लोक 'झीरो ड्रॉप' म्हणतात, चालताना दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

माझं मत असं. रुंदी डोळे मिटून घ्यावी, तिचा तोटा कुणालाच नाही. शून्य ड्रॉप पोटऱ्या तयार असतील तर. पातळपणा आणि लवचीकपणा मात्र जमीन आणि पाठीवरचं ओझं बघून. तुमच्या रूटवर कातळ, घसारा, जंगलातली मुळं आणि गाड्यांची कच्ची वाट असं सगळं आहे. रतनगडाच्या शिड्या आणि टोलार खिंडीवरचा रेलिंगचा कातळटप्पा पातळ सोलवर मजेत जातो. लोखंडी पायरीवर पाऊल कुठे बसलंय ते कळतं, कातळावर अख्खा चवडा टेकवून घर्षणावर चालता येतं. कात्राबाई खिंडीचा उतार आणि कुमशेतकडची दगडगोट्यांची वाट यांवर 9 मिमीचा सोल आणि दहा किलोची सॅक ही जोडी दुपारनंतर तळव्याला सोलून काढते. सकाळी काही जाणवत नाही, फसगत तिथेच होते.

जाड_सोल_जिंदाबाद
असहमत. सह्याद्रीत घोट्याला आधार हवाच. उतारावर पाय मुरगळला आणि जवळचा डांबरी रस्ता चार तासांवर असला, की हे रुंद बोटांचं तत्त्वज्ञान कामाला येत नाही. दणकट चामडी बूट, जाड सोल, विषय संपला.

पोटरीपुराण
विषय इतक्यात संपत नाही, जाडसोल. व्यवसायाने फिजिओ आहे म्हणून सविस्तर.

उंच बुटाची कड घोट्याला खरचटण्यापासून, दगडाच्या ठोक्यापासून वाचवते. पण पाय मुरगळतो तो पाऊल बाहेरच्या कडेवर उलटल्यामुळे, आणि शरीराचं वजन त्यावर आल्यावर मऊ कापडाची किंवा पातळ चामड्याची उंच कड ते रोखू शकत नाही. त्यासाठी स्कीच्या बुटाइतकी ताठ कड लागेल आणि मग चालताच येणार नाही. उलट पाऊल जमिनीपासून जितकं उंच, तितकी उलटवणारी तरफ लांब. पातळ सोलमध्ये पाऊल कमी उलटतं आणि उलटायला लागलेलं लवकर कळतं. त्यामुळे घोट्याच्या मुद्द्यावर पातळ बूट काठावर पास.

नापास होतात ते दुसरीकडे. उंच टाचेच्या बुटांत वर्षानुवर्षं चाललेल्या माणसाची पोटरी आणि टाचेमागची शीर आखडलेली असते. शून्य ड्रॉपमध्ये चढावर टाच आणखी खाली जाते आणि सगळा ताण त्या शिरेवर येतो. शिवाय पातळ सोलमध्ये चवड्याच्या लांब हाडांवर, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागच्या, भार वाढतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 36 धावपटूंना घेतलं होतं. त्यातल्या 19 जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या (प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या पातळ) बुटांत आणलं, आणि त्यातल्या 10 जणांच्या पावलाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. ते पळणारे होते, चालणारे नव्हते, पण त्यांच्या पाठीवर दहा किलोही नव्हते.

धागाकर्त्यांनी आधी दोन चाचण्या कराव्यात. भिंतीपासून अंगठा 10 सेंमी लांब ठेवून उभं राहा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर शून्य ड्रॉप सध्या नको. दुसरी, एका पायावर उभं राहून टाच पूर्ण वर, हळू खाली, असं सलग 25 वेळा. पंधरालाच पोटरीत गोळा आला तर सॅक घेऊन कात्राबाई चढायचा विचार पुढे ढकला.

सुमी_सांगलीची
पोटरीपुराण, प्रतिसाद साठवून ठेवला. मधुमेह असलेल्यांसाठीही एक ओळ लिहाल का? आमच्या ग्रुपात पन्नाशीपुढचे बरेच आहेत.

पोटरीपुराण
सुमीताई, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पातळ सोल पूर्ण वर्ज्य. अशा बुटांचा फायदा म्हणतात तोच मुळी 'जमीन कळते' हा, आणि ती कळतच नसेल तर काटा रुतलेला संध्याकाळी मोजा काढताना दिसतो. पायाला भेगा असतील तरी आधी त्या भरून येऊ द्या.

गावठी_घोरपड
अजून कुणी काट्यांचं बोललं नाही म्हणून येतो.

बाभळीचा वाळलेला काटा बोटभर लांब आणि लोखंडासारखा. 5-6 मिमी रबर तो सरळ भेदतो, आणि मऊ फोमचा थर असला तर आणखीच सुखाने. गावाजवळच्या बांधांवर, कुंपणाच्या कडेला आणि शेळ्या फिरतात त्या वाटांवर हे काटे हमखास. ऐन डोंगरात तुलनेने कमी. त्यामुळे गडावर निर्धास्त आणि कुमशेत, पाचनईसारख्या गावात शिरताना सावध. सोलमध्ये अडकलेला काटा तसाच ठेवू नका, प्रत्येक पावलाला तो थोडा थोडा आत सरकतो. मुक्कामाला पोचलं की सोल बोटांनी चाचपायचा, आत हात घालून इनसोलही. छोटा चिमटा सोबत हवाच.

दुसरं म्हणजे कुसळं. पावसाळा संपला की डिसेंबरपर्यंत पठारांवरचं गवत वाळून कुसळं सुटतात. हवेशीर जाळीचे बूट असले की ती जाळीतून आत घुसतात, मोज्यात अडकतात आणि उलटी निघत नाहीत. मिनिमलिस्ट बुटांचा वरचा भाग बहुतेक जाळीचाच असतो. घट्ट विणीचं कापड बघून घ्या, नाहीतर वरून गेटर (बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारं कापडी आवरण).

तिसरं, फुरसं. कोकणाच्या बाजूला जांभ्याच्या सड्यांवर दगडाखाली बसलेलं असतं, आकाराने लहान, रंगाने मातीसारखं. घोटा उघडा ठेवणारा कुठलाही बूट तिथे सारखाच, पण सँडल घालून अंधारात पाणी आणायला जाऊ नये. सकाळी बूट उलटा करून आपटायचा, विंचवासाठी. हे जाड सोलवाल्यांनाही लागू.

निवांत_नारबा
घोरपडभाऊ, काटे, कुसळं, फुरसं, विंचू. धागा बुटांचा आहे की घरी बसण्याचा?

अनवट_वाट
:) सर्वांचे आभार. भिंतीची चाचणी आत्ताच करून पाहिली, गुडघा लागतोय. टाच उचलण्याचे डावीकडे पंचवीस झाले, उजवीकडे अठराला दम संपला. जाडीबद्दल सगळ्यांचं म्हणणं एकाच दिशेला जातंय हे दिसतंय. पण रबराचं काय? ग्रिपवर कुणीच बोललं नाही.

चामडं_आणि_रबर
बोलतो. ग्रिप दोन गोष्टींची असते, रबर किती मऊ आणि खालचे दात कसे. आपला कोरडा बेसाल्ट खरखरीत आहे, त्यावर मऊ रबर आणि जास्तीत जास्त टेकणारा पृष्ठभाग लागतो. दात 3 ते 4 मिमी, रुंद आणि सपाट माथ्याचे. चिखलासाठी बनवलेले 6 मिमीचे टोकदार, विरळ दात कातळावर वाकतात आणि पाय सरकल्यासारखा वाटतो. दुकानात अंगठ्याचं नख सोलवर दाबून बघा. थोडं रुतून परत भरून आलं तर कातळावर बरं, काचेसारखं कडक लागलं तर ते रबर टिकेल खूप, धरेल कमी. टिकणं आणि धरणं यांचं वाकडं आहे, दोन्ही एकत्र मागू नये. ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांचं सह्याद्रीत इतकं नाव झालं ते कातळावर धरणाऱ्या सोलमुळेच, वरच्या बाजूच्या देखणेपणामुळे नाही.

शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलंच रबर धरत नाही, जाहिरात काहीही म्हणो. पाच-दहा फुटांचा टप्पा असेल तर जुने सुती मोजे बुटावरून चढवतात, त्याने फरक पडतो. डिसेंबरात हा प्रश्न नाही. डिसेंबरात प्रश्न आहे वाळक्या गवताचा. उतारावर आडवं झालेलं गवत आणि खाली मुरूम, यावर सपाट पातळ सोल सर्रकन जातो. तिथे टाचेला दात नीट हवेत, आणि पातळ बुटांत नेमकी टाचेची कड गोल केलेली असते. घेताना तेवढं बघा.

आता सोल सुटण्याबद्दल. ट्रेकच्या पहिल्याच दिवशी सोल उघडला अशी तक्रार दर मोसमात येते आणि दोष डिंकाला दिला जातो. बऱ्याचदा दोषी असतो मधला पॉलियुरेथेनचा थर. हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो, आणि न वापरता कपाटात ठेवलेल्या बुटात तर जास्तच. चार-पाच वर्षांनी बाहेरून नवा दिसणारा बूट अर्ध्या दिवसात भुगा होतो. पातळ बुटांत हा थर बहुधा नसतोच, रबर थेट वरच्या भागाला चिकटवलेलं किंवा शिवलेलं. ही त्यांची जमेची बाजू, कुणी फारशी सांगत नाही. ईव्हीएचा फोम असा कुजत नाही, तो दबत जातो.

वाटेत सोल सुटलाच तर फेविक्विक नको, ते कडक होऊन वाकताना तडकतं. फेव्हिबाँडसारखा रबरी डिंक घ्या. दोन्ही पृष्ठभाग कोरडे करून घासा, दोन्हींवर पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं हाताला चिकटेल न चिकटेल असं होईपर्यंत थांबा, मग जोरात दाबून वरून दोरी गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सगळ्यांची घाई त्या पंधरा मिनिटांत असते. घरी आल्यावर मोचीकडून कडेने शिवून घ्या.

बाभूळबन
अवांतर : मिलिंद सोमण 2017 मध्ये फ्लोरिडातली अल्ट्रामॅन शर्यत अनवाणी पळाला. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने 1960 ला रोममध्ये ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली. आणि आपण इथे मिलिमीटर मोजतोय.

कारवीचा_दांडा
बाभूळबन, दोघांच्याही पाठीवर सॅक नव्हती, आणि पायाखाली रस्ता होता. त्यापेक्षा एमा गेटवुडचं उदाहरण जवळचं. 1955 साली वयाच्या 67व्या वर्षी अमेरिकेतली तीन हजारांहून जास्त किलोमीटरची अपालाचियन ट्रेल एकटीने पार केली, पायात साधे कॅनव्हासचे बूट. पण सामान खांद्यावरच्या एका शिवलेल्या पिशवीत, तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. लोक तिचे बूट बघतात, पिशवी बघत नाहीत. हलके बूट घालायचे असतील तर आधी पाठ हलकी करावी लागते, क्रम तोच.

चामडं_आणि_रबर
अवांतराला पुस्ती : विब्रम या इटालियन कंपनीची गंमत बघा. 1935 मध्ये आल्प्समधल्या एका मोहिमेत सहा जण दगावले, त्यांचे बूट त्या हवामानाला अपुरे होते. त्या मोहिमेतले विताले ब्रामानी यांनी त्यानंतर दाते असलेला रबरी सोल बनवला. 1954 मध्ये के-टू पहिल्यांदा सर झालं ते याच सोलवर. आणि त्याच कंपनीने पुढे पाच बोटांचे पातळ बूट काढले. आरोग्याबद्दलच्या जाहिरातींवरून अमेरिकेत खटला झाला आणि 2014 मध्ये 37.5 लाख डॉलरवर तडजोड झाली. दोन्ही टोकं एकाच घरात.

सुमी_सांगलीची
मापाबद्दल लिहिते, कारण निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं. बसून नाही, वजन देऊन. पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची कड काढायची. बहुतेकांचं एक पाऊल मोठं निघतं, माप त्याचं धरायचं. मग दुकानात बुटाची इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहायचं. करंगळी किंवा अंगठा इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो जोड परत, आकडा कितीही बरोबर असो. पुढे दहा-बारा मिमी जागा, आणि ती ट्रेकला वापरायच्या मोज्यांसकट मोजायची.

बायकांसाठीचे जोड बऱ्याचदा तेच बूट अरुंद करून, रंग बदलून विकले जातात. पाऊल रुंद असेल तर पुरुषांच्या मापातला जोड घालून बघायला लाजू नये, फक्त टाच मागे सैल नाही ना ते तपासा.

पुढे जागा आहे आणि टाच सैल आहे, असं झालं तर उतारावर पाऊल पुढे घसरून बोटं आपटतात आणि नखं काळी पडतात. मग लोक म्हणतात बूट लहान झाला, आणि अजून मोठा घेतात. त्याआधी लेस वेगळी बांधून बघा. सगळ्यात वरच्या जादाच्या भोकातून लेस त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करायचा, समोरची लेस त्या फासातून ओवून खाली ओढायची आणि मग गाठ. टाच जागेवर बसते. बोटांकडच्या पहिल्या दोन ओळी मात्र सैल.

जाड_सोल_जिंदाबाद
सुमी, लेसचं आमच्या बुटांनाही लागू पडलं, धन्यवाद. बाकी मी अजून तिथेच आहे. :)

बर्फाळ_बंड्या
हामट्याबद्दल कुणी बोललं नाही. एकच जोड दोन्हीकडे, हा विचार सोडा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात 4270 मीटरच्या त्या खिंडीच्या दोन्ही अंगांना बर्फ असतो. पहाटे तो कडक, तिथे बुटाच्या टोकाने लाथ मारून पायरी करावी लागते. मऊ टोकाच्या बुटाने मारलेली लाथ बर्फाला नाही, बोटांना लागते. दहानंतर तोच बर्फ भिजलेला, जाळीचा बूट दहा मिनिटांत आतपर्यंत ओला. आणि पातळ सोलमधून थंडी खालून चढते, चालताना कळत नाही, माथ्यावर फोटोला थांबलं की बोटं बधिर.

चेन स्पाइक्स (बुटाखाली चढवायची काट्यांची साखळी) मऊ बुटावर चढतात, पण त्यांचा रबरी पट्टा बुटाला चारी बाजूंनी आवळतो. ताठ बुटात तो दाब बूट घेतो, मऊ बुटात बोटं घेतात. रक्तपुरवठा कमी आणि वर थंडी, बोटांना हिमदंशाकडे ढकलायला एवढं पुरे. पायाखाली साखळीही टोचते. क्रॅम्पॉनचा (कडक बर्फासाठीचे लांब धातूचे काटे) तर प्रश्नच नाही, त्यांना ताठ सोलच लागतो.

तेव्हा हामट्याला पुढे रुंद, सोल मध्यम ताठ, पाणी रोखणारा बूट आणि लोकरीचे मोजे. ड्रॉप शून्य असो की चार, तिथे तो मुद्दा गौण. पातळ जोड सॅकमध्ये घ्या, वाटेतल्या शिया गोरू मुक्कामाजवळच्या ओढ्यांतून जायला आणि तंबूभोवती फिरायला. हिमनदीच्या पाण्यात अनवाणी उतरू नये, पाय सुन्न झाल्यावर दगड कुठे लागला ते कळत नाही.

उत्तराखंड, नेपाळमधले पोर्टर गोल्डस्टारचे साधे बूट घालून वीस-पंचवीस किलो नेतात, हे उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच : त्यांचे पाय लहानपणापासून त्या वाटांवर घडलेत. तेरा आठवड्यांत ते होत नाही.

नर्मदातीरी
लांब पल्ल्याचा विषय आहे म्हणून परिक्रमेचं सांगतो. नर्मदा 1312 किलोमीटर, दोन्ही तीर धरले तर 2600 च्या वर. आता वाटेचा मोठा भाग डांबरी. डोंगरातलं गणित तिथे उलटं होतं. डांबर सपाट आणि एकसारखं, प्रत्येक पाऊल तळव्याच्या त्याच जागी पडतं, त्यामुळे पातळ सोलचा तोटा दगडावरच्यापेक्षा वेगळा, हाड आणि टाच दुखणं. दगडावर निदान पाऊल दर वेळी वेगळं पडतं. फोमचे बूट 500 ते 800 किलोमीटरमध्ये दबतात, म्हणजे पूर्ण वाटेला चार-पाच जोड धरावेत. पातळ रबरात दबण्यासारखं काही नसल्यामुळे ते जास्त टिकतं. काळ्या मातीत पाऊस झाला तर मात्र प्रत्येक पायाला किलोभर चिखल, खोल दातांना तर सुटतच नाही. तिथे सपाट सोलची चप्पल बरी.

निवांत_नारबा
शेवटी चपलांवर आलात ना! आता टायरच्या चपलेची कृती कुणीतरी द्या, मगच धागा बंद होऊ दे.

गावठी_घोरपड
घ्या काका. रेडियल टायरच्या माथ्यात पोलादी तारा असतात, कापताना सुरी जाते आणि नंतर तारेची टोकं पायात घुसतात. त्यामुळे ट्रकचा जुना नायलॉनचा टायर, किंवा कारच्या टायरची बाजूची भिंत. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्यांमधले रारामुरी लोकही टायरच्याच सोलवर पळतात, त्यामुळे फॅशनमध्ये आपण मागे नाही.

पाऊल कागदावर काढायचं, सगळीकडून पाच मिमी जास्त ठेवून कापायचं. भोकं तीन : एक अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, पण अगदी बेचक्याला टेकून नाही, थोडं पुढे. दोन बाजूंना, घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढे. दोरी 5-6 मिमीची विणलेली नायलॉनची. ही चप्पल मोडते ती कायम एकाच जागी, पुढच्या भोकाखालची गाठ जमिनीवर घासून तुटते. म्हणून भोकाभोवती खालून रबर वाटीसारखं कोरायचं आणि गाठ वितळवून चपटी करून त्यात बसवायची. टाचेमागे पट्टा हवाच, नाहीतर उतारावर पाऊल पुढे जाऊन दोरी बेचक्यात कापते.

सॅक घेऊन घसाऱ्यावर ही घालू नका. मुक्कामाला, गावात, ओढ्यात.

सुमी_सांगलीची
आणि पावसाळ्यात पायांना हवा लागायला. दिवसभर ओल्या बुटात राहून बोटांमध्ये चिखल्या होतात, त्यावर जाळीचे लवकर वाळणारे बूट आणि संध्याकाळी उघडी चप्पल हाच उपाय. पाणीरोधक बुटात पाणी वरून शिरलं की बाहेर पडायला वाट नसते. रात्री पाय पुसून कोरडे करून मगच कोरडे मोजे. वेगळ्या बोटांचे मोजे चिखल्यांना आणि फोडांना दोन्हीला चांगले. फोड यायची जागा माहीत असेल तर सकाळीच पांढरी मायक्रोपोर टेप, फोड आल्यावर नाही.

कारवीचा_दांडा
मूळ प्रश्नाकडे येऊ, नाहीतर उद्या कुणीतरी खडावांवर लिहील.

अनवट_वाट, चार दिवसांच्या रेंजसाठी माझा सल्ला: रुंदी भरपूर, ड्रॉप 0 ते 4, पायाखाली एकूण 18 ते 25 मिमी, त्यात शक्य तर रॉक प्लेट (चवड्याखाली प्लास्टिकची पातळ पट्टी, दगडाचं टोक पसरवून टाकते, काटाही बऱ्यापैकी अडवते). दात 3-4 मिमी, टाचेची कड शाबूत. तुमचा 9 मिमीचा जोड सॅकला बाहेर लटकवा, मुक्कामी आणि सोप्या पठारांवर घाला. पाचनईहून वर जाणारी वाट त्यातही होईल. बूट हलका हवा हे बरोबर, पळण्यावरच्या अभ्यासांत दर बुटामागे 100 ग्रॅम वाढले की ऊर्जा एखादा टक्का जास्त लागते. सातशे ग्रॅमच्या चामडी बुटावरून तीनशेवर आलात की फायदा मिळालाच. तिथून अडीचशेवर येण्यासाठी तळवे पणाला लावू नयेत.

हामट्याला बंड्याचं ऐका.

पोटरीपुराण
तेरा आठवड्यांचं वेळापत्रक माझ्याकडून. पहिले तीन आठवडे नवे बूट, सपाट जमीन, सॅक नाही, वीस मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला दहा-पंधरा टक्के वाढ. चौथ्यापासून चढ, उतार जुन्या बुटात. सातव्यापासून उतारही, पण पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, टाच आपटायची नाही. नवव्यापासून चार-पाच किलो, अकराव्यात पूर्ण वजन एकदा, शेवटचा आठवडा हलका. वेळ, चढ आणि वजन यांतली एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. उजव्या पायाचे अठरा पंचवीसवर यायला हवेत, रोज दोनदा, जिन्याच्या पायरीवर टाच खाली सोडून.

पोटरी आख्खी दुखली तर चालेल, दोन दिवसांत जाते. पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल तर लगेच थांबा. असं हाड तडकलेलं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बहुतेकदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे स्वच्छ आहे' म्हणून परत चालायला लागू नका.

अनवट_वाट
ठरलं. रेंजला 20-22 मिमीचा रुंद जोड, दोन काठ्या, 9 मिमीचे सॅकवर. हामट्याचा बूट वेगळा. एक राहिलं: कुसळांसाठी गेटर कुठला? दुकानातले उंच गेटर डिसेंबरात भाजून काढतील.

गावठी_घोरपड
उंच नकोच. दुचाकीवर हातांना घालतात ते ताणणारे स्लीव्ह घ्या, वीतभर कापा, खालच्या कडेला पुढे एक छोटा हूक शिवून लेसमध्ये अडकवा. मागे टाचेला वेल्क्रोचा तुकडा डिंकाने चिकटवा. विणकाम दाट आहे, कुसळं वरच अडकतात आणि घसाऱ्यातले खडेही आत जात नाहीत. हूक लेसच्या सगळ्यात खालच्या ओळीत अडकवा, वरच्या ओळीत लावला तर चालताना गेटर वर सरकतो.